दारात मुक्काम ठोकलेली मांजर: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातली जुनी तीन मजली इमारत असो, घोडबंदर रोडवरचा टॉवर असो नाहीतर नेरुळमधलं सिडकोचं रो-हाऊस, एखादी मांजर आधी जिन्यात दिसते, मग पायपुसण्यावर, आणि बघता बघता अख्ख्या मजल्याला तिच्या यायच्या वेळा पाठ होतात. तिथून प्रश्न सुरू होतात. ठाण्यात आणि खाडीपलीकडे आम्ही काही शेजारी मिळून सोसायट्यांमधल्या मांजरांची ऑपरेशनं, लसी आणि पिल्लांसाठी घरं शोधणं ही कामं करतो. लोक जे विचारतात आणि आम्ही जे सांगतो, ते इथे एकत्र लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येईल: खायला घालायला सुरुवात केलीत की तिच्या नसबंदीची जबाबदारीही तुमच्याकडे आली.

ही मांजर भटकी आहे की कुणाची हरवलेली, हे कसं ओळखायचं?

आधी कान बघा. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल, तर तिची नसबंदी झालेली आहे आणि तिच्याकडे बघणारं कुणीतरी आसपास आहे. ती मारामारीतली जखम नसते. भूल दिलेली असतानाच डॉक्टर ही खूण करतात, म्हणजे त्याच मांजरीला पुन्हा पकडून टेबलावर घ्यायची वेळ येत नाही.

मग वागणं बघा. माणसाचा हातच न लागलेली मांजर भिंतीच्या कडेने, अंग चोरून चालते आणि तुम्ही ताटली ठेवून आत गेल्याशिवाय तोंड लावत नाही. शेपटी उभी करून येणारी, पायात घोटाळणारी, तुमच्याकडे बघून म्याँव करणारी मांजर कधीतरी घरात राहिलेली असते किंवा तिला माणसांचा लळा असतो. मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याँव करत नाहीत, तो आवाज मुख्यतः माणसांसाठी असतो.

लांब केसांची, चपट्या नाकाची पर्शियन मांजर जिन्यात दिसली तर ती कुणाच्या तरी घरातून आलेली आहे हे धरूनच चाला. एकतर निसटली आहे किंवा सोडून दिली आहे. तिला रस्त्यावर निभावता येत नाही. केसांच्या गुठळ्या होतात, पावसाळ्यात त्याखालची कातडी ओली राहून चिघळते. तिला लगेच आत घ्या आणि मग मालक शोधा.

खात्री करून घ्यायला कागदी पट्टा उत्तम. वहीच्या कागदाची पट्टी घ्या, त्यावर ‘ही मांजर तुमची आहे का?’ आणि तुमचा नंबर लिहा, गळ्याभोवती सैल गुंडाळून टोकांना सेलोटेप लावा. कुठे अडकली तर पट्टी फाटते, मांजरीला इजा होत नाही. मालक असेल तर फोन येतो. जोडीला शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका आणि रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा. कुठली मांजर कुठल्या भिंतीवरून येते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आमच्याच दारात का आली?

बहुतेक वेळा कुत्र्यांमुळे किंवा पावसामुळे. पार्किंगमध्ये पाणी साचलं की मांजरं जिन्याने वर चढतात, आणि दाराबाहेरचं शू रॅक ही त्यांना सापडणारी सगळ्यात कोरडी जागा असते. पोटुशी मांजर तर जागाच शोधत हिंडत असते. तिच्या येण्याचा शुभाशुभाशी काही संबंध नाही.

दूध दिलं तर चालतं का? मग काय द्यायचं?

दूध नको. पिल्लं आईचं दूध पचवतात, पण मोठं झाल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. आवडीने पितात आणि मग जुलाब होतात. जिन्यात घाण झाल्याची निम्मी भांडणं त्या दुधाच्या वाटीतून सुरू होतात. वाटी ठेवायचीच असेल तर पाण्याची ठेवा, मातीची किंवा स्टीलची, आणि रोज घासा.

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला लागतं. ते मांस-मासळीत असतं आणि तिचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं तर हृदय दुबळं होतं आणि नजर जाते. म्हणून चपाती-दूध, दहीभात, बिस्किटं यांवर ती जगते पण टिकत नाही. कुत्र्यांचं तयार खाद्यही कायमचं नको, त्यात टॉरिन मांजरीच्या गरजेइतकं असेलच असं नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे मांजरींचं तयार कोरडं खाद्य. तीन-चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतं, दोन वेळांत विभागून. घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन, किंवा मांदेली, बोंबील असं काही उकडून, काटे काढून द्या. मीठ, तिखट, कांदा-लसूण काहीही नको. कांदा आणि लसूण मांजरीच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, त्यामुळे कालच्या रश्श्यातला मासाही देऊ नका. दारावर येणारी कोळीण मुंडकी प्रेमाने देते, ती जरूर घ्या, पण उकडून द्या. काही कच्च्या माशांमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर निघून जातं. खारवलेली सुकी मासळी रोजच्या खाण्यात नको.

वेळ ठरवा आणि ती पाळा. वीस मिनिटांत जे उरेल ते उचला, फरशी पुसा. उरलेल्या खाण्यावर मुंग्या येतात, मग घुशी येतात, आणि बोट मांजरीकडे दाखवलं जातं.

आमच्याकडे शाकाहार आहे. भात-पनीर चालणार नाही का?

पोट भरायला चालेल, पोसायला नाही. डबाबंद किंवा कोरडं खाद्य घरात शिजवावं लागत नाही, अनेक शाकाहारी कुटुंबं तेच दाराबाहेर देतात. तेही नको वाटत असेल तर खायला घालणं शेजाऱ्यांवर सोपवा आणि तुम्ही ऑपरेशनचा किंवा लसीचा खर्च उचला. त्यानेही तितकंच भलं होतं.

नसबंदी खरंच गरजेची आहे का? निसर्गाच्या विरुद्ध नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी एकच सांगते, जून-जुलैत पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. दिवस भरायला साधारण नऊ आठवडे लागतात, एका वेळी तीन ते पाच पिल्लं होतात, आणि ती पिल्लं अंगावर पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते. आपल्याकडच्या उबदार हवेत हे जवळजवळ वर्षभर चालतं. त्यातली बरीच पिल्लं वर्षाची होत नाहीत. कुणी चाकाखाली जातं, कुणी कुत्र्यांच्या तावडीत सापडतं, बाकीच्यांना पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणू गाठतो. खायला घालून आई धष्टपुष्ट करायची आणि ऑपरेशन टाळायचं, म्हणजे दर खेपेला तेवढी पिल्लं मरायला जन्माला घालायची. हे कठोर वाटेल, पण ज्यांनी ती पिल्लं उचलली आहेत ते वेगळं सांगणार नाहीत.

शिवाय माजावर आलेली मांजर रात्र रात्र ओरडते, बोका मिळाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. बोके भिंतींवर, गाड्यांच्या चाकांवर मुतून हद्द आखतात, एकमेकांचे कान फाडतात. ऑपरेशननंतर ओरडणं थांबतं, वास पुष्कळ कमी होतो आणि मारामाऱ्या ओसरतात. कमिटीला पटवायचं असेल तर भूतदयेपेक्षा हा मुद्दा आधी मांडा.

ऑपरेशन करायचं तर पकडायचं कसं? पुढे काय?

साधारण पाच-सहा महिन्यांची, दोन किलोच्या आसपासची मांजर ऑपरेशनला योग्य असते. आधी डॉक्टरांची तारीख घ्या, मगच पकडा. पकडून ठेवून मग डॉक्टर शोधायला निघालात तर तिचे हाल होतात.

माणसाळलेली मांजर वरून उघडणाऱ्या कॅरियरमध्ये जाते. बाकीच्यांसाठी सापळ्याचा पिंजरा लागतो, तो बऱ्याचदा प्राणिमित्र संस्था अनामत घेऊन देतात. पिंजरा तिच्या रोजच्या खाण्याच्या जागी आधी काही दिवस दार बांधून उघडा ठेवा आणि खाणं रोज थोडं आत सरकवा. पकडायच्या आदल्या संध्याकाळपासून कुणीच खायला घालायचं नाही. हे मजल्यावरच्या प्रत्येकाला सांगावं लागतं, कारण एका घरातून पोळीचा तुकडा गेला तरी ती पिंजऱ्याकडे फिरकत नाही. भुलीआधी पोट रिकामं असावंच लागतं, नेमके किती तास ते डॉक्टर सांगतील. पिल्लू असेल तर तास कमी असतात.

पिंजऱ्याचं दार पडल्याबरोबर मांजर चारी अंगांनी जाळीवर आपटते. ते बघवत नाही. लगेच वरून जाड चादर टाका. अंधार झाला की मिनिटाभरात ती गप्प बसते, श्वास जलद चालू असतो पण आपटणं थांबतं. चादर दवाखान्यापर्यंत काढू नका, आणि रिक्षात पिंजरा मांडीवर न घेता खाली, आडवा न होईल असा ठेवा.

ऑपरेशननंतर बोक्याला साधारण एक दिवस आणि मादीला निदान तीन-चार दिवस कोरड्या, बंद जागेत ठेवा. पावसाळ्यात तर हे फार पाळावं लागतं, ओली जमीन आणि ताजे टाके हे एकत्र चालत नाही. जागा नसेल तर बाथरूम, बंद बाल्कनी किंवा सोसायटीची रिकामी खोली चालते. दूध पाजणारी आई असेल तर पिल्लं खाऊ लागेपर्यंत, म्हणजे सहा-आठ आठवडे थांबा, पण तेवढ्या काळात बोक्यांपासून सांभाळा. शेवटी तिला आणलं त्याच जागी सोडा.

शू रॅकमागे पिल्लं घातली आहेत. आई दिसत नाही. काय करू?

हात लावू नका आणि दूर उभं राहून बघा. आई खायला गेलेली असते, चार-पाच तासही येत नाही. तुम्ही जवळ उभे असाल तर येणारच नाही. ‘मांजर पिल्लांना सात घरं दाखवते’ असं आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडला तर त्यात तथ्य आहे. जागा गजबजली, वास आला, धोका वाटला की ती एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. हलवाहलवी चालू असताना एखादं पिल्लू एकटं सापडतं आणि चांगली माणसं ते ‘वाचवून’ घरी नेतात. पिल्लांची पोटं गोल आहेत, ती गपचूप एकमेकांना चिकटून झोपली आहेत, म्हणजे आई आहे. खपाटीला गेलेली पोटं, थंडगार अंग आणि न थांबणारं रडणं असेल तर आई नाही.

आई खरोखर नसेल, तर आधी ऊब आणि मग दूध. तीन-चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही, आणि थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा, पिल्लाला तिच्यापासून सरकायला जागा असू द्या. गाईचं दूध नको, पाळीव प्राण्यांच्या दुकानात पिल्लांसाठीचं दूधपावडर मिळतं. पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं पाठीवर झोपवून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं आणि पिल्लू न्यूमोनियाने दगावतं. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने खालचा भाग हलका चोळा. आई चाटते तेव्हाच पिल्लू शी-शू करतं, आपणहून त्याला जमत नाही.

डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, चौथ्या आठवड्यापासून पातळ खाणं सुरू करता येतं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांचा हात लागला तर पिल्लू माणसाळतं. तो काळ गेला की काम फार अवघड होतं. घरी द्यायची असतील तर आठ आठवड्यांनंतर, शक्यतो दोन-दोनच्या जोडीने, आणि नसबंदीचं वचन घेऊनच द्या.

कोणत्या लसी द्यायच्या?

आठ आठवड्यांपासून ट्रायकॅट (पॅनल्यूकोपेनियासह तीन विषाणूंवरची एकत्र लस), तीन-चार आठवड्यांनी तिचा पुढचा डोस, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची. पुढे डॉक्टरांच्या वेळापत्रकाप्रमाणे. भुलीत असतानाच रेबीजची लस देऊन घ्यावी, परत हातात येईलच असं नाही.

पॅनल्यूकोपेनियाबद्दल एक नीट लक्षात ठेवा. उलट्या, जुलाब, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसणं पण पाणी न पिणं ही त्याची खूण. पिल्लू त्यातून वाचणं कठीण असतं आणि विषाणू त्या जागेत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाने जात नाही. एका भागाला तीस भाग पाणी असं ब्लीचचं द्रावण करून जागा पुसा, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने धुवा, आणि तिथे लस न झालेलं दुसरं पिल्लू आणू नका.

मांजर चावली किंवा बोचकारलं. इंजेक्शन घ्यावंच लागतं का?

हो, यात चालढकल नको. रेबीज कुत्र्यांपासून जास्त होतो, पण मांजरीपासूनही होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. त्याच दिवशी पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात जा. कातडीत द्यायच्या लसीचा पहिला डोस त्याच दिवशी (तो शून्य दिवस धरतात), आणि पुढचे तिथून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात. एकही चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते आठवणीने विचारा. मांजरीचे दात सुईसारखे खोल जातात, त्यामुळे वरून लहान दिसणारी जखम आत पिकते. बोट किंवा मनगट सुजलं तर प्रतिजैविकासाठी पुन्हा डॉक्टरांकडे जा.

घरात गरोदर सूनबाई आहे. सासूबाई म्हणतात मांजर बाहेर काढा.

सासूबाईंची काळजी खोटी नाही, उपाय मात्र वेगळा आहे. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजरीच्या विष्ठेतून येऊ शकतो आणि गर्भाला त्रास देऊ शकतो. पण विष्ठेतली त्याची अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोज सफाई झाली की धोका बराच उतरतो. ती सफाई सूनबाईंनी करू नये, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावी. कुंडीतली माती हाताळताना हातमोजे घालावेत. अर्धं कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा संसर्ग होतो, त्याकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मांजरीला कुरवाळल्याने बाळाला काही होत नाही. शंका असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना रक्ततपासणीबद्दल विचारा.

जिन्यात आणि कुंड्यांमध्ये घाण करते. फिनाइल टाकलं तरी तिथेच येते.

फिनाइल बंद करा. मांजरीच्या यकृताला अशी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकता येत नाहीत. ओल्या फरशीवरून ती चालते, पंजे चाटते आणि विष पोटात जातं. डांबरगोळ्याही त्याच कारणाने नकोत. साबणाच्या पाण्याने धुवा, मग पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसा. वास पूर्ण गेला नाही तर ती त्याच जागी येणार.

तिला दुसरी जागा द्या. प्लास्टिकच्या घमेल्यात चार बोटं वाळू भरून ते पार्किंगच्या पावसापासून सुरक्षित कोपऱ्यात ठेवा. तिचीच थोडी विष्ठा त्यात टाकली की तिला कळतं. रोज कुणीतरी ती काढली पाहिजे, नाहीतर ती पुन्हा तुमच्या तुळशीत येईल. कुंड्यांतल्या मातीवर जाड खडे पसरा, उकरता आलं नाही की ती सोडून देते. पायपुसणं ओरबाडत असेल तर लाकडाच्या ठोकळ्याला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळून शेजारी उभा करा.

कमिटी म्हणते, पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून या.

सोडलेली मांजर एकतर परत यायला निघते आणि वाटेत गाडीखाली जाते, किंवा अनोळखी हद्दीत उपाशी मरते. आणि इथे काय होतं? उंदीर तेच, कचरा तोच, आडोसा तोच, म्हणून काही आठवड्यांत नवीन मांजर येते, बहुधा नसबंदी न झालेली. नसबंदी झालेली मांजर आपली हद्द राखते, म्हणून सोसायटीच्याच हिताचं म्हणजे आहे त्या मांजरी ऑपरेशन करून ठेवणं.

कायदाही माहीत असू द्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राण्याला मारहाण करणं आणि यातना होतील अशा रीतीने कोंबून नेणं हा गुन्हा आहे, आणि पाळलेला प्राणी मालकाने उपाशी मरायला सोडून देणं हासुद्धा. असा गुन्हा पहिल्यांदा केला तर दंड अजून १० ते ५० रुपयेच आहे, हे वाचून मन खट्टू होतं. पण विष घालून मारलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतल्या नियम २० मध्ये सोसायटीतल्या बेवारस प्राण्यांना खायला घालण्याची सोय सोसायटीने करून द्यावी, आणि ती जागा प्रवेशद्वार, जिने आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी, असं म्हटलं आहे. दुसरा भाग खायला घालणाऱ्यांसाठी आहे, तो आपणही पाळायचा. सेक्रेटरींना कलमं वाचून दाखवण्याआधी एकदा चहाला बोलवा आणि कोणती जागा चालेल ते त्यांनाच सुचवू द्या.

पावसाळ्यात आडोसा कसा करावा?

मासळी बाजारातला थर्माकोलचा झाकणवाला खोका स्वच्छ धुवून घ्या, बाजूला वीतभर भोक पाडा, खाली विटा ठेवा. आत कापड किंवा गोधडी नको, ती ओली झाली की वाळत नाही. आंब्याच्या पेटीतला पेंढा घाला. जूनपर्यंत प्रत्येक घरात एखादी पेटी रिकामी झालेली असतेच.

गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय लावून घ्या. पिल्लं इंजिनाच्या उबेला आत शिरतात.

येऊरच्या बाजूला राहतो. काही वेगळी काळजी?

अंधार पडल्यावर बाहेर खाणं ठेवू नका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या भागांत बिबट्या येतो, खाण्यावर जमणारी कुत्री-मांजरं त्याला ओढून आणतात. २०१९च्या फेब्रुवारीत तर तो ठाण्यातल्या कोरम मॉलपर्यंत आला होता. खाडीकाठच्या आणि पाणथळीजवळच्या सोसायट्यांनी पाणपक्षी जिथे उतरतात तिथे मांजरांना खायला घालू नये. पोट भरलेली मांजरही शिकार करते.

कधी लगेच दवाखाना गाठायचा?

बोका पुन्हा पुन्हा शूला बसतोय, कण्हतोय, पण थेंबही येत नाही, तर त्याच तासाला निघा. मार्ग तुंबलेला असतो, एक-दोन दिवसांत तो मरतो. तोंड उघडं टाकून धापा टाकणं, मागचे पाय अचानक लुळे पडणं, उंचावरून पडणं यांतही थांबू नका. मांजर कितीही मजल्यांवरून पडली तरी पायांवर उतरते हे खरं धरून अनेकजण घरी बसून राहतात, आणि आत जबडा, छाती किंवा मूत्राशय फाटलेलं असतं. सोसायटीत उंदरांचं औषध टाकलं असेल तर पुढचे काही दिवस हिरड्या बघत राहा. पांढऱ्या पडल्या तर रक्तस्राव चालू असू शकतो.

तापासाठी पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिन असलेलं औषधही नको. घरात लिलीची फुलं असतील तर ती मांजरीच्या वाटेत ठेवू नका, तिचे परागकणही मूत्रपिंडं निकामी करतात. रात्री-बेरात्री उघडा दवाखाना कुठला, हे गरज पडण्याआधीच शोधून नंबर फ्रिजवर लावा. मोठ्या उपचारांसाठी परळचं बाई साकरबाई रुग्णालय आहेच.

तिला घरातच घ्यायचं ठरवलं तर?

आधी खिडक्या. स्लायडिंग खिडकीची मच्छरजाळी मांजरीच्या वजनाने सुटते, म्हणून ग्रिलला बाहेरून मजबूत जाळी बांधा. पहिले काही दिवस एका खोलीत, रेतीचं भांडं आणि लपायला खोका देऊन ठेवा. पलंगाखाली बसली तर ओढून काढू नका. तुम्ही जमिनीवर बसून पुस्तक वाचा, तिच्याकडे बघायचं तर डोळे हळूच मिटून उघडा. तीही तसंच करू लागली की जवळ येईल. घरात आधीची मांजर असेल तर निदान दोन आठवडे वेगळ्या खोल्या आणि दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी जेवण.

इमारत पुनर्विकासाला चालली आहे. आमच्या मांजरींचं काय?

नौपाड्यात आणि वाशीत सध्या हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. घरं रिकामी होतात, खाणं एकदम थांबतं, आणि पाडकाम सुरू झाल्यावर मांजरी डक्टमध्ये आणि मीटर रूममध्ये लपतात. सोसायटीने करार केला की लगेच कामाला लागा, चाव्या द्यायच्या आठवड्यात काही जमत नाही. किती मांजरी आहेत, कुणाची नसबंदी राहिली आहे, याची फोटोंसह यादी करा आणि उरलेली ऑपरेशनं आधी उरका. माणसाळलेल्यांना घरं शोधा. बाकीच्यांसाठी रस्त्यापलीकडची सोसायटी तयार असेल तर खाण्याची जागा रोज थोडी तिकडे सरकवत न्या. जवळच्या जवळ असं स्थलांतर बऱ्याचदा जमतं.

लांब न्यावंच लागलं तर नुसतं सोडून येऊ नका. नव्या जागी मोठ्या पिंजऱ्यात किंवा बंद खोलीत तीन-चार आठवडे ठेवा, वेळेवर खाणं द्या, जुन्या जागेचं पायपुसणं किंवा खोका सोबत न्या. जागेचे वास आणि आवाज ओळखीचे झाल्यावरच दार उघडायचं, तेही भुकेच्या वेळेआधी, म्हणजे ती खायला परत येते. पाडकामाच्या ठेकेदाराला आधीच भेटून पहिल्या दिवशी तळमजला आणि डक्ट तपासायला तासभर मागून घ्या. आम्हाला ‘नाही’ म्हणणारा मुकादम अजून भेटलेला नाही.